चारही चाकांची ताकद आणि गाडीचे आयुष्य

(पावसाळ्यापूर्वी झालेल्या चालक व कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात, देणगीदार बंधुभगिनींच्या उपस्थितीत केलेल्या भाषणाचा मजकूर.)



या मेळाव्यात दरवर्षी शाळा, दवाखाना, बचतगट यांविषयी बोलणे होते. यंदा मला गाडीविषयी बोलायला सांगितले आहे. मी मेकॅनिक नाही. पण धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या पाड्यांवर जाताना या गाड्यांतून माझा रोजचा प्रवास होतो, आणि गॅरेजची बिले तपासून त्यांवर सही करण्याचे कामही माझ्याकडे आहे. बिलावर सही करण्याआधी काय मोडले आणि का मोडले हे विचारायची मला सवय आहे. त्या उत्तरांतून जे कळले तेच आज तुमच्यापुढे ठेवते.

आधी थोडे कामाविषयी. सातपुड्यातले पाडे एका ठिकाणी वसलेले नसतात. चार घरे या टेकडीवर, सहा घरे पलीकडच्या उतारावर. डांबरी रस्ता मोठ्या गावापर्यंत जातो, पुढे मुरुमाची वाट, त्यापुढे दगडगोट्यांचा नाला. जून ते सप्टेंबर ही वाट चिखलाची होते. त्या दिवसांत बाळंतपणाची बाई, तापाने फणफणलेले मूल, साप चावलेला शेतकरी यांना खाली आणायचे तर चारही चाकांनी ओढणारी गाडी लागते. ती गाडी गॅरेजात उभी असेल तर काय होते हे इथल्या प्रत्येक आरोग्यसेविकेला माहीत आहे. बांबूला चादर बांधून झोळी करतात आणि चार माणसे ती खांद्यावर घेऊन चालू लागतात. म्हणून गाडीचा एक शाफ्ट तुटणे ही आपल्यासाठी केवळ खर्चाची बाब नाही.

आता मुख्य विषय. आपल्या जीपगाड्यांना मुख्य गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा छोटा दांडा असतो, नव्या गाड्यांत त्या जागी बटण असते. त्यात तीन गोष्टी असतात : टू व्हील, फोर व्हील हाय आणि फोर व्हील लो. टू व्हीलमध्ये इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना जाते. फोर व्हील लावले की मधली पेटी, म्हणजे ट्रान्सफर केस, पुढच्या आणि मागच्या शाफ्टला एकमेकांशी घट्ट जोडून टाकते. हा ‘घट्ट’ शब्द लक्षात ठेवा. त्यानंतर दोन्ही शाफ्टना सारखेच फिरावे लागते. एकाने जास्त आणि दुसऱ्याने कमी फिरण्याची सोय उरत नाही. काही महागड्या गाड्यांत मधोमध आणखी एक डिफरन्शियल बसवलेले असते, त्यामुळे त्यांना चारही चाकांवर कायम धावता येते. आपल्या गाड्यांत ते नाही.

आता हिशोब पाहू. गाडी वळते तेव्हा पुढची चाके मोठ्या गोलावरून जातात आणि मागची चाके आतल्या लहान गोलावरून. ओल्या मैदानात गाडी गोल फिरवून चाकांच्या खुणा पाहा, लगेच दिसेल. समजा पुढच्या आणि मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर आहे आणि मागचा ॲक्सल पाच मीटर त्रिज्येच्या गोलावर वळतो आहे. मग पुढच्या ॲक्सलचा गोल साधारण ५.६ मीटर त्रिज्येचा होतो. काटकोनात एक वळण घेतले तर मागची बाजू सुमारे ७.९ मीटर चालते आणि पुढची सुमारे ८.८ मीटर. एका वळणात जवळजवळ एक मीटरचा फरक पडला. चाकाचा घेर सव्वादोन मीटर आणि क्राऊन-पिनियनचे प्रमाण चारास एक धरले, तर पुढच्या शाफ्टला मागच्यापेक्षा दीड फेऱ्याहून जास्त फिरायचे असते. पण आपण तर दोन्ही शाफ्ट एकत्र बांधून ठेवले आहेत. मग हा दीड फेरा जाणार कुठे?

चिखलात, वाळूत, सैल मुरुमावर तो चाकाखाली निघून जातो. चाक किंचित घसरते, ताण सुटतो, आपल्याला कळतही नाही. कोरड्या डांबरावर किंवा काँक्रीटवर टायर जमीन सोडत नाही. मग तो पीळ शाफ्टमध्ये, त्याच्या क्रॉसमध्ये, ट्रान्सफर केसच्या साखळीत किंवा दात्यांत आणि क्राऊन-पिनियनमध्ये साठत जातो. कपडा पिळताना शेवटी हात थांबतो तसे गाडीचे होते. स्टिअरिंग जड लागते, गाडी कोणीतरी मागून धरल्यासारखी अडते, वळणावर टायर चिरचिरतात, आणि एखादे चाक टुणकन उडी मारून सुटते. ती उडी म्हणजे साठलेला पीळ एकदम मोकळा होणे. सुटायला जागाच मिळाली नाही, तर जो भाग सर्वांत कमजोर असेल तो जातो.

एकच नियम लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा : पायाखालची जमीन सरकणारी असेल तरच फोर व्हील. जमीन सरकत नसेल तर लोखंडाला सरकावे लागते.

चालकदादा मला विचारतात, “ताई, घाटात चढ खडा आहे, मग फोर व्हील नको का?” चांदसैली घाटातून जाणाऱ्यांना हा प्रश्न रोज पडतो. चढ असणे आणि चाक घसरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चढासाठी पहिला गिअर आहे. मागची चाके जागच्या जागी फिरत नसतील तर पुढच्या चाकांची मदत लागलेलीच नाही. घाटातली नागमोडी वळणे म्हणजे तर आत्ता सांगितलेल्या काटकोनी वळणाचीही दुप्पट. डांबरी घाटात फोर व्हील लावून दहा वळणे घेतली, तर गाडीला दहा वेळा पीळ बसला. पाऊस पडून नुसता ओला झालेला डांबरी रस्ताही बहुतेक वेळा टायरला घट्ट धरून ठेवतो. दरड कोसळून रस्त्यावर मातीचा राडा पसरला असेल तर तेवढ्या पट्ट्यापुरते फोर व्हील लावा, आणि पुढे स्वच्छ रस्ता लागताच काढा. लावण्यापेक्षा काढण्याचाच विसर जास्त पडतो. शेजारी बसलेल्या कार्यकर्त्याने आठवण करून द्यावी. “दादा, फोर व्हील काढलं का?” एवढे विचारण्यात कोणाचाही अपमान नाही.

दुसरी गोष्ट, फोर व्हील कधी लावायचे. चिखलात शिरण्यापूर्वी. बहुतेक नुकसान इथेच होते. गाडी रुतते, मागची चाके जोरात फिरत असतात, चालक रेस देतच असतो आणि त्याच क्षणी दांडा ओढतो. मागचा शाफ्ट वेगाने फिरतो आहे, पुढचा स्थिर आहे, आणि आपण दोघांना एका क्षणात एकत्र बांधायला निघालो आहोत. आत दात्यांवर घणाचा घाव बसतो. म्हणून नाला दिसला, ओलसर काळी माती दिसली की आधी वेग कमी करा, चाके सरळ ठेवा, रेसवरून पाय काढा आणि मग फोर व्हील हाय लावा. किती वेगापर्यंत लावता येते ते गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. शंका असेल तर थांबून लावा, थांबून लावल्याने काही बिघडत नाही. फोर व्हील लो मात्र गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून, मुख्य गिअर न्यूट्रलला ठेवूनच. चालत्या गाडीत लो ओढू नये.

जुन्या जीप आणि जिप्सी वापरणाऱ्यांसाठी एक जास्तीची सूचना. पुढच्या चाकांच्या मधोमध हाताने फिरवायच्या टोप्या असतील तर त्या दोन्ही लॉक करा किंवा दोन्ही मोकळ्या ठेवा. एक लॉक आणि एक मोकळी राहिली तर ताकद मोकळ्या बाजूने वाया जाते, आणि चालकाला वाटते फोर व्हीलच बिघडले. दांडा चालकाच्या हाताशी असतो, पण टोप्या फिरवायला खाली उतरावे लागते. पावसाळ्यात निघतानाच हे काम उरका.

तिसरी गोष्ट लो गिअरची. लोमध्ये चाकाकडे जाणारा जोर साधारण अडीच पट होतो. मोठ्या दगडांवरून मुंगीच्या चालीने जायला, निसरड्या मातीच्या उतारावरून ब्रेक न दाबता इंजिनाच्या धाकाने उतरायला हा गिअर फार चांगला. पण तोच जोर उलटा बसू शकतो. चाक दोन दगडांच्या खाचेत अडकले आहे, हलायला जागा नाही, आणि वरून आपण लोमध्ये रेस दिली, तर अडीच पट झालेला जोर कुठे जाणार? शाफ्ट तुटतो किंवा क्राऊनचे दात जातात. अशा वेळी खाली उतरा. फावड्याने चाकापुढची माती काढा, दगड भरा, फांद्या टाका, माणसे उतरवून गाडी हलकी करा. पंधरा मिनिटे जातील. क्राऊन गेला तर पंधरा दिवस जातात, कारण सुटा भाग नंदुरबारला मिळाला नाही तर आणखी पुढच्या शहरातून मागवावा लागतो.

पुढे-मागे झुलवून गाडी काढण्याची युक्ती सर्वांना येते. पहिला, रिव्हर्स, पहिला, रिव्हर्स. ती हळू करा. चाक पूर्ण थांबू द्या, मग दुसरा गिअर टाका. चिखलात वेगाने फिरणाऱ्या चाकाला मध्येच दगड लागला की त्याला एकदम पकड मिळते आणि सगळा वेग एका झटक्यात थांबतो. तो झटका टायर सोसतो, पण क्रॉस सोसत नाही. तसेच, एक चाक हवेत आणि तेच भराभर फिरते आहे असे दिसले तर रेस लगेच सोडा. साधे डिफरन्शियल ताकद त्याच मोकळ्या चाकाकडे पाठवत राहते. गाडी पुढे जात नाही, आणि आतली छोटी पिनियन तापून झिजते.

चौथी गोष्ट टायरची, आणि ही देणगीदारांनीही ऐकावी. फोर व्हीलमध्ये चारही चाके सारख्या उंचीची हवीत. समजा मागचे टायर झिजले म्हणून आपण दोनच नवे घातले. नव्या टायरची नक्षी ८ मिलिमीटर खोल, पुढच्या जुन्याची २ मिलिमीटर. फरक फक्त ६ मिलिमीटर. पण चाकाची त्रिज्या ३५० मिलिमीटर धरली तर हा फरक पावणेदोन टक्के होतो. एका किलोमीटरला जवळजवळ १७ मीटर. म्हणजे सरळ रस्त्यावर, एकही वळण न घेता, दर किलोमीटरला सात-आठ चाकफेऱ्यांचा पीळ गाडीत शिरतो. म्हणून शक्यतो चारही टायर एकत्र बदलावेत, एकाच मापाचे आणि एकाच नक्षीचे असावेत, आणि मधून मधून त्यांची जागा बदलावी म्हणजे ते सारखे झिजतात. हवाही पुस्तकात सांगितल्याप्रमाणे ठेवावी. एका टायरात हवा कमी असेल तर ते चाक बुटके होते, आणि परिणाम तोच.

पाचवी गोष्ट पाण्याची. नाला ओलांडताना गरम झालेले डिफरन्शियलचे हाऊसिंग थंड पाण्यात बुडते. आतली हवा आकसते आणि बाहेरचे पाणी हवेच्या नळीतून किंवा झिजलेल्या सीलमधून आत ओढले जाते. तेलात पाणी मिसळले की त्याचा रंग दूध घातलेल्या कॉफीसारखा होतो. असे तेल दात्यांचे रक्षण करत नाही, बेअरिंग गंजतात. म्हणून खोल पाण्यातून गेल्यावर दोन्ही हाऊसिंग आणि ट्रान्सफर केसचे तेल मेकॅनिककडून पाहून घ्या, पांढुरके दिसले तर लगेच बदला. हवेच्या नळीचे तोंड मातीने बुजले नाही ना हेही पाहा. ओलांडण्यापूर्वी नाल्याच्या काठावर जरा थांबून गाडी थंड होऊ दिली तर धोका कमी होतो. पाणी वाढते असेल तर मात्र ओलांडूच नका. वाहत्या पुरात फोर व्हील उपयोगी पडत नाही.

दांडा अडकला तर काय करायचे? चिखल संपला, डांबर लागले, आणि फोर व्हीलमधून दांडा निघत नाही, असे होते. तो बिघड नव्हे, आत पीळ साठला आहे. लाथ मारू नका, हातोडी घेऊ नका. गाडी सरळ रेषेत काही मीटर रिव्हर्स घ्या, क्लच दाबा, मग दांडा हलवून पाहा. नाही निघाला तर शेजारच्या मातीच्या कडेवर दोन चाके उतरवून थोडे पुढे-मागे व्हा. चाक सरकले की पीळ उतरतो आणि दांडा आपोआप हलका होतो.

उन्हाळ्यात फोर व्हील महिनोन् महिने वापरात नसते. तेव्हा महिन्यातून एकदा मातीच्या मोकळ्या रस्त्यावर ते लावून थोडे अंतर सरळ चालवा. आतल्या भागांना तेल लागते आणि दांडा जाम होत नाही. ऐन पावसात, गाडीत पेशंट असताना दांडा जाम आहे हे कळणे बरे नव्हे.

काही हितचिंतकांनी सुचवले आहे की अरुंद वाटांसाठी एटीव्ही, म्हणजे मोटारसायकलसारखे हँडल असलेली चार जाड चाकांची छोटी गाडी घ्यावी. सूचना चांगली आहे. तिलाही हेच नियम लागू आहेत, किंबहुना जास्तच. अशा अनेक गाड्यांत मागच्या दोन चाकांमध्ये डिफरन्शियल नसतेच, दोन्ही चाके एकाच दांड्यावर असतात. पुढच्या डिफरन्शियललाही लॉक असेल तर तो लावल्यावर हँडल वळवणे कठीण जाते, म्हणून तो अगदी अडल्यावर आणि हळू चालीतच वापरायचा. फोर व्हीलचे बटण अंगठ्याखाली असते, सहज दाबले जाते. मागची चाके भरभर फिरत असताना ते दाबायचे नाही. आधी रेस सोडायची, चाके थांबू द्यायची, मग बटण. शिवाय पुढच्या ॲक्सलच्या सांध्यांवर रबरी टोप्या असतात. काटेरी झुडपांत त्या फाटतात, ग्रीस बाहेर येते, माती आत जाते आणि सांधा झिजतो. आठवड्याला वाकून त्या पाहणे हे चालवणाऱ्याचे काम. गाडी घेण्यापूर्वी एवढे करणारा माणूस आपल्याकडे आहे का, हे ठरवू या.

आता देणगीदार बंधुभगिनींना दोन शब्द. तुम्ही दिलेल्या गाड्यांमुळे हे काम चालले आहे, त्याबद्दल मनापासून आभार. पण एक गोष्ट मोकळेपणाने सांगते. गाडीला हार घालण्याच्या दिवशी फोटो निघतो. गिअर ऑइल बदलण्याच्या दिवशी कोणी फोटो काढत नाही. गाडीसाठी देणगी मिळते, पण तिसऱ्या-चौथ्या टायरसाठी मिळत नाही. म्हणून दोनच टायर घेतले जातात आणि त्याची किंमत पुढे क्राऊनच्या बिलात भरावी लागते. या पावसाळ्यासाठी कोणाला मदत करायची असेल तर ‘देखभाल’ असे लिहून द्यावी. त्या पैशांतून टायरचा पूर्ण जोड, तिन्ही ठिकाणचे तेल, आणि प्रत्येक गाडीत फावडे व ओढण्याचा पट्टा घेऊ.

दुसरी विनंती. तुम्ही भेटीला येता तेव्हा उत्साहाने म्हणता, “दादा, जरा फोर व्हील लावून दाखवा ना!” आपला चालक भिडस्त असतो, पाहुण्यांना नाही म्हणत नाही. कृपा करून डांबरावर तसा आग्रह धरू नका. दाखवायचेच असेल तर पाड्याच्या वाटेवर, चिखलात बसून पाहा. तिथे ते खरोखर काय करते ते दिसेल.

आणि चालकदादांनो, तुमच्याकडे गाडी सोपवली आहे म्हणजे कारभारीपण सोपवले आहे. मंडळीतल्या कोणा विधवेने, कोणा पेन्शनराने थोडे थोडे करून दिलेले पैसे त्या लोखंडात आहेत. गाडी रुतल्यावर रेस वाढवणारा चालक शूर दिसतो. उतरून फावडे हातात घेणारा तसा दिसत नाही, पण सप्टेंबरच्या शेवटी ज्याची गाडी चालू असते तो बहुधा हा दुसराच असतो. घाई होत असेल आणि मागे पेशंट कण्हत असेल तेव्हाही दोन मिनिटे थांबून दांडा नीट लावा. आम्ही कार्यकर्ते तुम्हाला घाई करणार नाही, हा आमचा शब्द.

जेवणानंतर मैदानात दोन्ही जीप उभ्या असतील. मातीच्या भागात प्रत्येकाने एकेकदा हाय आणि लो लावून, काढून दाखवायचे आहे. कार्यकर्त्यांनीही यावे, बहिणींनीही. चालक आजारी पडला तर दांडा कोणता हे दुसऱ्या कोणाला तरी माहीत असले पाहिजे.

येणाऱ्या पावसाळ्यात आपल्या चालकांसाठी आणि वरच्या पाड्यांवरच्या लोकांसाठी प्रार्थना करा.